नोंद कोणत्या नावाने?

काही वर्षांपूर्वी एका प्रकाशनसंस्थेच्या इंग्रजी संदर्भकोशाचे थोडे काम माझ्याकडे आले. दख्खनमधली गावे, किल्ले, गायक, नाटक मंडळ्या यांच्यावरच्या चारेकशे छोट्या नोंदी होत्या. नोंदी त्या त्या विषयातल्या जाणकारांनी लिहिलेल्या होत्या. माझ्याकडे फक्त शीर्षकांची यादी होती. प्रत्येक नोंद इंग्रजीत कोणत्या नावाखाली छापायची हे ठरवायचे आणि उरलेल्या नावांसमोर ‘पाहा’ असे लिहून वाचकाला योग्य पानावर पाठवायचे. पंधरा दिवसांचे काम आहे, असे समजून मी होकार दिला. इंग्रजी वर्णानुक्रमातल्या दुसऱ्याच अक्षरापाशी माझे गाव आले आणि काम अडले.

माझा जन्म बेळगावचा. घरची भाषा मराठी, शाळा मराठी, गल्लीत कानडी आणि मराठी सारखीच चालायची. गेली वीसबावीस वर्षे मी बंगळूरमध्ये राहते. म्हणजे कन्नड राज्याच्या एका टोकाला जन्मले आणि दुसऱ्या टोकाला नोकरी केली. गावाला मराठीत बेळगाव म्हणतात, कन्नडमध्ये बेळगावी. इंग्रजांनी आपल्या लिपीत जे लिहिले त्याचा उच्चार ‘बेलगाम’ असा काहीतरी होतो. माझे हिंदीभाषक मित्र तोच उच्चार धरून ‘लगाम नसलेले गाव’ अशी कोटी करतात. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बारा शहरांची इंग्रजी नावे बदलली. बँगलोरचे बेंगळुरू झाले, मैसूरचे मैसुरू, हुबळीचे हुब्बळ्ळी, आणि बेलगामचे बेळगावी. आता कोशात कोणते नाव ठळक टाइपात छापायचे आणि कोणत्या नावासमोर ‘पाहा’ लिहायचे, हे मला ठरवायचे होते.

हा प्रश्न किरकोळ आहे, असे वाचकाला वाटू शकते. नाव काहीही छापले तरी नोंदीतला मजकूर तोच राहणार. पण कोश करणाऱ्यांना तो कधीच किरकोळ वाटलेला नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. त्याच्याही आधी, १९७३ साली, परिभाषासंग्रहाचा खंड प्रसिद्ध झाला होता. ज्ञान मराठीत आणण्यापूर्वी कशाला काय म्हणायचे हे ठरवावे लागले. एकदा एखादी गोष्ट एका नावाखाली नोंदली गेली की तेच तिचे ‘खरे’ नाव होऊन बसते आणि बाकीची नावे ‘तिलाच असेही म्हणतात’ या वाक्यात जाऊन राहतात. विद्यार्थी ते नाव निबंधात उतरवतो, बातमीदार बातमीत घेतो, नकाशा काढणारा नकाशावर लिहितो. कोश म्हणतो, लोक जे म्हणतात ते मी छापले. लोक म्हणतात, कोशात असे छापले आहे.

माणसांच्या नोंदींपाशी मला फारशी अडचण आली नव्हती. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. घरचे नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. कन्नड घरातला हा मुलगा लहानपणी मिळालेल्या पदवीने ओळखला जाऊ लागला, मुंबईत शिकला आणि मध्य प्रदेशातल्या देवासला आयुष्यभर राहिला. त्यांची नोंद ‘कुमार गंधर्व’ याच नावाखाली जाणार, यावर कोणाचेही दुमत नव्हते. नारायण श्रीपाद राजहंस बालगंधर्वांच्या नोंदीत गेले. यूसुफ खान यांना आपण दिलीपकुमार म्हणूनच शोधतो. इथे नियम सोपा आहे. माणसाला स्वतःचा आवाज असतो. त्याने जे नाव घेतले, ज्या नावाला तो ओ देत राहिला, ते त्याचे नाव. १९६४ साली कॅशियस क्ले यांनी मुहम्मद अली हे नाव घेतले, तरी कित्येक अमेरिकी वृत्तपत्रे पुढे बरीच वर्षे जुनेच नाव छापत राहिली. ‘वाचकांना तेच नाव माहीत आहे’ हे तेव्हाही खोटे नव्हते. तरीही आज ती पाने चाळताना त्या हट्टातला उद्धटपणा जाणवतो. माहीत असण्याचे कारण पुढे करून एका माणसाला त्याच्या तोंडावर नाकारले जात होते.

गावाला मात्र असा एक आवाज नसतो. गाव म्हणजे लाखो माणसे, आणि ती सगळी एका नावाला ओ देतील असे नाही.

विकिपीडिया या इंग्रजी मुक्त ज्ञानकोशाने यासाठी एक नियम केला आहे. नाव अधिकृत आहे की नाही, शुद्ध आहे की नाही, हे पाहायचे नाही. विश्वासार्ह इंग्रजी लेखनात जे नाव सर्वाधिक वापरले जाते ते शीर्षकाला घ्यायचे. नाव वाचकाला ओळखू यावे, बोलण्यात सहज यावे, नेमके असावे, आटोपशीर असावे आणि तशाच दुसऱ्या लेखांच्या शीर्षकांशी जुळणारे असावे. म्हणून तिथे विल्यम जेफर्सन क्लिंटन नाहीत, बिल क्लिंटन आहेत. उत्तर कोरियाचे लांबलचक अधिकृत नाव नाही, ‘नॉर्थ कोरिया’ आहे. आयव्हरी कोस्टच्या सरकारने १९८६ पासून सांगितले आहे की आमच्या देशाचे नाव कोणत्याही भाषेत भाषांतरित करू नका, फ्रेंचमध्ये आहे तसेच ठेवा. तरीही तिथला लेख ‘आयव्हरी कोस्ट’ याच नावाने आहे.

पहिल्यांदा हा नियम कळला तेव्हा मला त्याचा राग आला होता. काम करता करता मात्र त्यातला नम्रपणा दिसू लागला. कोशकार न्यायाधीश नाही, हे तो नियम कबूल करतो. कोणाचा हक्क खरा, कोणाचा इतिहास जुना, कोणावर अन्याय झाला, हे ठरवायला बसले तर एकही नोंद पूर्ण होणार नाही. जो ठरवेल त्याच्या मतांचाच कोश होईल. त्यापेक्षा वाचक काय शोधत येईल ते पाहावे आणि त्याला दार सापडेल अशी पाटी लावावी. ही सेवेची भूमिका आहे आणि ती मला मान्य आहे.

फक्त एक शब्द त्यात निसटून जातो. सर्वाधिक वापर, पण कोणाच्या इंग्रजीत?

गंगेचे उदाहरण घ्या. इंग्रजी विकिपीडियावर नदीच्या लेखाचे शीर्षक ‘गँजिस’ आहे. हे नाव ग्रीकांनी केलेले. आपल्या ‘गंगा’ शब्दाला त्यांनी आपल्या भाषेचा प्रत्यय लावला आणि लिंगही बदलले. ग्रीकमध्ये नद्या पुल्लिंगी असतात, म्हणून आपली गंगामाई तिथे ‘तो’ झाली. पुढे लॅटिनमधून ते नाव इंग्रजीत आले. यात द्वेष कुठेच नाही. शब्द परक्या घरात राहायला गेला की त्या घरचे कपडे घालतो. ‘सिंधु’चे इराणी तोंडात ‘हिंदु’ झाले, ग्रीकांनी त्याचे ‘इंडोस’ केले आणि त्यातूनच ‘इंडिया’ निघाले. ते परके कपडे आपण आपल्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात स्वतःच्या नावाशेजारी टांगून ठेवले आहेत.

तरी भारतात इंग्रजी लिहिणारा माणूस आज बहुधा ‘गंगा’च लिहितो. २००८ साली राष्ट्रीय नदी म्हणून जाहीर झाली ती गंगाच. मग ‘इंग्रजीत सर्वाधिक वापर’ मोजताना लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये छापलेली पुस्तके किती धरायची आणि अलाहाबाद-पाटण्याची इंग्रजी वृत्तपत्रे किती? २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही पहिली भाषा सांगणारे भारतीय तीन लाखांहून कमी होते. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून सांगणारे बारा कोटींच्या वर. या बारा कोटींचे इंग्रजी ‘स्थानिक बोली’ म्हणून बाजूला ठेवायचे की इंग्रजीच समजायचे? मोजदाद निःपक्षपाती असते. काय मोजायचे याची निवड तशी नसते. आणि नदी सरहद्द ओलांडून बांगलादेशात शिरते तेव्हा तिचा मुख्य प्रवाह पद्मा होतो. म्हणजे ‘स्थानिक नाव’ म्हटले तरी कुठल्या घाटावरचे, हा प्रश्न राहतोच.

इथपर्यंतचे विचार माझ्या सोयीचे होते. इंग्रजीचा वर्चस्वभाव, वसाहतीचे ओझे, आपल्या इंग्रजीचा हक्क ही भाषा मला चांगली येते. अडचण त्यापुढे होती.

१९९५ साली बाँबेचे इंग्रजी नाव मुंबई झाले तेव्हा मी कॉलेजात होते, आणि मला मनापासून आनंद झाला होता. आम्ही मराठीत कधी बाँबे म्हटलेच नव्हते. गुजराती माणूसही मुंबईच म्हणत होता. जे नाव शहराच्या अंगावर होते तेच आता इंग्रजीच्या कागदावर आले, इतकेच झाले, असे मी सगळ्यांना सांगत असे. त्या वेळी एक पारशी मैत्रीण म्हणाली होती की तिच्या घरात चार पिढ्या ‘बाँबे’च म्हणतात, तो कोणा साहेबाचा शब्द नाही, तिच्या आजीचा आहे. मी हसून म्हटले होते, “होईल गं सवय.”

२०१४ च्या त्या आदेशाच्या दिवशी मी बंगळूरच्या ऑफिसात होते. बारा नावांची यादी वाचताना अकरा नावांपाशी काही वाटले नाही. बाराव्या नावापाशी घशात काहीतरी अडकले. १ नोव्हेंबर हा कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस. १९५६ साली याच दिवशी भाषावार प्रांतरचनेत आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. बेळगावातले अनेक मराठीभाषक हा दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ साली केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्याच्या मधोमध ती एक ओळ छापून आली होती. माझ्या शेजारी बसणारे सहकारी धारवाडचे, वयाने मोठे, चांगले मराठी बोलणारे. त्यांना माझा चेहरा दिसला असावा. ते सावकाश म्हणाले, “मॅडम, आमच्या कन्नडमध्ये ते गाव कधीच बेलगाम नव्हतं. जे आम्ही म्हणत होतो तेच आता इंग्रजीत आलं, एवढंच.” आणि थोड्या वेळाने चहा घेताना म्हणाले, “होईल सवय.”

त्यांना माझी १९९५ ची वाक्ये माहीत असण्याचे कारण नव्हते. माझी मात्र मान खाली गेली.

मी फरक शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. मुंबईत राज्याची भाषा आणि शहराच्या नावाची भाषा एक होती. बेळगावात मोठा समाज वेगळी भाषा बोलतो. पण मुंबईतही ‘बाँबे’ला आपले मानणारे पारशी, गोवेकर, ईस्ट इंडियन होतेच, त्यांची संख्या कमी होती, एवढाच फरक. संख्या कमी असलेल्याचे दुःख कमी असते, हा नियम मी कुठल्या तोंडाने मांडणार? मग मला वाटले, बेळगावची गोष्ट वेगळी, कारण तिथे वाद चालू आहे. पण वाद भूमीचा आहे, आणि भूमीचा निकाल कोशाच्या शीर्षकाने लागत नाही. शेवटी एक फारच लाजिरवाणी गोष्ट लक्षात आली. ज्या ‘बेलगाम’साठी माझा जीव तुटत होता ते माझे नावच नव्हते. ते कुणा इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले होते. कन्नड नावापेक्षा ते माझ्या नावाच्या जरा जवळ ऐकू येत होते, म्हणून मी त्याला आपले म्हणत होते. साहेबाचे पत्र माझ्या बाजूचे निघाले म्हणून मी ते जपून ठेवले होते.

धारवाडच्या त्याच सहकाऱ्यांनी पुढे एकदा विचारले, “तुम्ही मराठीत ग्वाल्हेर म्हणता, तंजावर म्हणता, विजापूर म्हणता. तिथली माणसं तक्रार करतात का? आम्ही सोलापूरला सोल्लापूर म्हणतो. तुम्हाला राग येतो का?” खरेच येत नाही. आणि पॅरिसला ‘पॅरिस’ म्हणताना तिथले लोक शेवटचा ‘स’ उच्चारत नाहीत याची आपल्याला पर्वा नसते. ॲरिस्टॉटल हे नावसुद्धा आपण ग्रीकांकडून घेतलेले नाही, इंग्रजांकडून घेतलेले आहे. प्रत्येक भाषेला दुसऱ्याच्या गावाला आपल्या जिभेला वळेल ते नाव देण्याची मुभा असते. ती मुभा काढून घेतली तर भाषा राहणार नाही, नुसती ध्वनिमुद्रणे राहतील.

मग इंग्रजी नावावरच एवढा कलह का होतो? कारण भारतात इंग्रजी ही दुसऱ्याची भाषा राहिलेली नाही. मराठीतल्या ‘ग्वाल्हेर’ने ग्वाल्हेरच्या कोणाचेही काही अडत नाही, त्याच्या पासपोर्टवर, पदवीच्या कागदावर, विमानाच्या तिकिटावर ते नाव येत नाही. इंग्रजीतले नाव मात्र येते. मराठी आणि कन्नड माझ्या गावात दोन घरांसारख्या आहेत. एका घरात बेळगाव, दुसऱ्यात बेळगावी; कोणी कोणाच्या घरात शिरून नाव बदला म्हणत नाही. इंग्रजी हे मधले सामाईक अंगण आहे. अंगणात पाटी एकच लागते, म्हणून भांडण तिथे होते. आपण इंग्रजीशी भांडतो असे वाटत असते. प्रत्यक्षात आपण शेजाऱ्याशी भांडत असतो, इंग्रजी फक्त जागा पुरवते.

अशा भांडणातून जगाने काढलेल्या वाटा मी त्या दिवसांत एकेक करून पाहिल्या. उत्तर आयर्लंडमधल्या एका शहराला आयरिश राष्ट्रवादी डेरी म्हणतात आणि ब्रिटनशी नाते सांगणारे लंडनडेरी. विकिपीडियाने शहराचा लेख ‘डेरी’ या नावाने ठेवला आणि परगण्याचा ‘लंडनडेरी’ या नावाने. तर्काला हे पटणारे नाही, पण दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे समाधान मिळाले. जपान आणि कोरिया ज्या खडकाळ बेटांवर हक्क सांगतात त्यांना जपानी लोक ताकेशिमा म्हणतात आणि कोरियन लोक दोक्दो. तिथे शीर्षक आहे ‘लियांकूर रॉक्स’, १८४९ साली तिकडे गेलेल्या एका फ्रेंच देवमासेमारी जहाजाच्या नावावरून. वादातून सुटण्यासाठी दोघांचेही नाही असे नाव घेतले, आणि ते निघाले वाटेने जाणाऱ्या तिसऱ्याचे. तटस्थ नाव म्हणजे पुष्कळदा फक्त परक्याचे नाव.

ब्रह्मदेशाचे उदाहरण मला सर्वांत अवघड वाटले. १९८९ साली लष्करी राजवटीने इंग्रजी नाव बर्मा बदलून म्यानमार केले. त्या देशाच्या भाषेत दोन्ही शब्द एकाच नावाची रूपे आहेत, एक बोलण्यातले आणि एक लिहिण्यातले. तरीही लोकशाहीवादी चळवळ, आँग सान स्यू ची यांच्यासह, इंग्रजीत बर्माच म्हणत राहिली, कारण लोकांना न विचारता नाव बदलण्याचा हक्क बंदुकीला नाही. सरकार म्हणजे लोक नव्हेत, याची इतकी स्पष्ट खूण दुसरी नाही. विकिपीडियाचा लेखही २०१५ पर्यंत ‘बर्मा’ याच नावाने होता. युक्रेनचे उलट. तिथे रशियन भाषेतून आलेले ‘कीएव्ह’ नको, आमच्या भाषेतले ‘कीव’ लिहा, असे निवडून आलेले सरकार आणि लोक दोघेही म्हणत होते. १९९५ साली युक्रेनने आपले इंग्रजी वर्णलेखन ठरवले. विकिपीडियावर शीर्षक बदलले सप्टेंबर २०२० मध्ये. पंचवीस वर्षे ‘अजून पुरेसा वापर नाही’ हे उत्तर मिळत होते. वापर पुरेसा व्हायची वाट पाहणे म्हणजे, ज्यांच्या हातात छापखाने आहेत त्यांचे मन वळेपर्यंत थांबणे.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. नुसती मोजणी पुरत नाही, नुसता सरकारी आदेशही पुरत नाही, आणि ‘तटस्थ’ नाव बहुधा पळवाट असते. मग निदान स्वतःच्या मनाची तपासणी करायला एक कसोटी हवी. मला जी सापडली ती साधी आहे: मी सांगत असलेला नियम, मी पलीकडच्या घरात जन्मले असते तरी मला मान्य झाला असता का?

या कसोटीवर मी पुन्हा यादीला बसले. जिवंत गावांसाठी आजचे नाव, म्हणजे तिथे निवडून आलेल्या सरकारने ठरवलेले आणि इंग्रजी वृत्तपत्रांत, दुकानांच्या पाट्यांवर, पत्त्यांत रुळलेले. आदेश नवा असून वापर रुळला नसेल तर जुने नाव ठेवून थांबायचे. घाई कोणाच्याच बाजूने करायची नाही. महाराष्ट्रातल्या बदललेल्या नावांनाही हाच नियम, मग ते बदल मला आवडोत की न आवडोत. घटनांना आणि संस्थांना मात्र त्यांच्या काळाचे नाव. १९३२ चा करार मराठीत पुणे करार आहे, इंग्रजीत ‘पूना पॅक्ट’च, तिथे पुणे लिहिले तर कोणाला सापडणार नाही. उच्च न्यायालय आजही ‘बाँबे हायकोर्ट’ आहे. गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले ते काँग्रेसचे एकमेव अधिवेशन १९२४ साली भरले ते इंग्रजी कागदपत्रांत ‘बेलगाम’ला. ते तसेच राहिले पाहिजे, नाहीतर आपण मेलेल्या माणसांच्या तोंडी आपले शब्द घालू.

आणि माझ्या गावाची नोंद? तिच्यावर मी ‘बेळगावी’ लिहिले. लिहिताना हात जड झाला होता, हे लपवत नाही. मुंबई, चेन्नई, कोलकाता यांना जो नियम लावला तोच इथे लावला नसता, तर माझ्या नियमाचे नाव फक्त ‘माझे’ असे उरले असते.

पण तिथे थांबले असते तर काम अर्धेच झाले असते. शीर्षक एक असते, म्हणून उरलेल्या नावांचे ऋण दुसरीकडे फेडावे लागते. नोंदीच्या पहिल्याच वाक्यात मराठी बेळगाव घेतले, इंग्रजीतले जुने बेलगाम घेतले, जुने वेणुग्रामही घेतले. शहरात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा बोलणारे मोठे समाज आहेत आणि गावावरून दोन राज्यांत वाद आहे, हे दुसऱ्या परिच्छेदात सरळ लिहून घेतले. मूळ लेखकाने ते टाळले होते. आणि ‘बेलगाम’ या नावाला त्याच्या जागी स्वतंत्र ओळ दिली, ‘पाहा’ असे लिहून. जुन्या नावाने येणाऱ्याला कोशाने दारातून परत पाठवू नये, ही कोशाची सर्वांत कमी आणि सर्वांत आवश्यक सभ्यता आहे. कितीतरी कोशांत या ओळी गाळलेल्या असतात. जागा वाचते आणि एका पिढीच्या तोंडचा शब्द नाहीसा होतो. शीर्षकावर आपण जितके भांडतो त्याच्या निम्मे जरी या ‘पाहा’च्या ओळींवर भांडलो तर पुष्कळ कलह निवतील, असे मला वाटते.

निवतील म्हणाले, मिटतील नाही. कोश छापून आला तेव्हा मी एक प्रत आईला नेऊन दिली. आई बेळगावातच राहते. हायस्कूलमध्ये तीस वर्षे इंग्रजी शिकवलेली आहे. तिने चष्मा लावला, पाने उलटली आणि तिचे बोट सरळ ‘बेलगाम’वर जाऊन थांबले.

“हितं तर काहीच लिहिलेलं नाही की गं.”

“वर बघ, आई. त्याच पानावर, तीन नोंदी वर.”

तिने वरची नोंद सावकाश वाचली. पहिले वाक्य दोनदा वाचले. वेणुग्राम दिसल्यावर मान हलवली. भाषांचा परिच्छेद वाचून “बरं लिहिलंस” म्हणाली. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवले.

“सापडलं,” ती म्हणाली. “पण आधी खाली शोधावं लागलं की.”

धारवाडच्या माझ्या सहकाऱ्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी प्रत्येक इंग्रजी पुस्तकात असेच आधी दुसरीकडे शोधले असणार, हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. ते खरे आहे. पण आईच्या वाक्याचे ते उत्तर नव्हते, म्हणून मी चहा ठेवायला उठले.